आरव्ही का तंबू? यलोस्टोन लेकवरून आल्यावर जरा स्पष्टच लिहिते

गेल्या जुलैत आम्ही डेन्वरहून अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जाऊन आलो, चार रात्री तिथल्या यलोस्टोन लेकच्या, म्हणजे तळ्याच्या काठी. फोटो टाकले तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय, की आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली मोठी गाडी) घ्यावी का तंबू न्यावा. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

आधी सांगून टाकते, "आरव्ही म्हणजे काय, चाकावरचं फाइव्ह स्टार" म्हणणारे आणि "तंबूत झोपला नाहीत तर कॅम्पिंग कसलं" असं नाक उडवणारे, हे दोन्ही पंथ मला आता सारखेच डोक्यात जातात. पहिल्यांनी तिथली रात्र बघितलेली नसते आणि दुसऱ्यांनी बहात्तर वर्षांच्या माणसाला रात्री तीनदा उठावं लागतं हे बघितलेलं नसतं.

आम्ही दोन कुटुंबं. आमच्याबरोबर सासू-सासरे नाशिकहून आलेले, म्हणून आम्ही तीस फुटी आरव्ही भाड्याने घेतली. मित्राच्या घरचे तरुण तडफदार, त्यांचा तंबू. माझ्या डोक्यात चित्र असं की शेजारीशेजारी जागा घ्यायच्या, इकडे आरव्ही तिकडे तंबू, मध्ये शेकोटी. त्या हिशोबाने मी फिशिंग ब्रिज नावाच्या कॅम्पिंगच्या तळावर बुकिंग बघायला बसले, कारण लेकजवळ वीज-पाणी-ड्रेनेज सगळ्याचं हुकअप मिळतं ते तिथेच. आणि तिथे कळलं की फिशिंग ब्रिजला तंबू चालतच नाही! कापडी भिंतीचं काहीच नाही, वर उघडणारे कापडी ट्रेलरसुद्धा नाहीत, फक्त कडक भिंतींच्या गाड्या. का, तर तो ग्रिझली अस्वलांचा येण्याजाण्याचा भाग. मित्र म्हणाला हा काय मूर्खपणा, काही मैलांवर ब्रिज बे नावाच्या दुसऱ्या तळावर तंबू चालतो, अस्वलांना काय नकाशा दिलाय का! हसलो सगळे. पण मला तो नियम पटतो. लेकमधून यलोस्टोन नदी बाहेर पडते ती याच ठिकाणी, आणि अस्वलं पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने येतात तिथे आपण पाहुणे आहोत, यजमान नाही. शेवटी सगळ्यांनी ब्रिज बे घेतलं. तिथे तंबू चालतो, आरव्ही चालते, पण हुकअप नाही. म्हणजे वीज तुमच्या बॅटरीची, पाणी तुमच्या टाकीतलं, आणि टाकीत जे साठेल तेही तुमचंच.

आता उंची. हा लेक ७,७३३ फुटांवर आहे, म्हणजे २,३५७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. बाबांनी (सासऱ्यांनी) कळसूबाई तरुणपणी पाच-सहा वेळा केलेलं, ते आयुष्यभर अभिमानाने सांगतात. मी त्यांना म्हटलं बाबा, आपण डेन्वरला राहतो तिथेच तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर बसून पेपर वाचता, आणि आता त्याच्याही सातशे मीटर वर जायचंय. ते दोन मिनिटं गप्प झाले. मग म्हणाले, "पण इथे शिडी नाही ना चढायची." बरोबर आहे!

पण उंची गाडीतून चढलात तरी उंचीच असते. पूर्वेच्या गेटने आत शिरलं की सिल्व्हन पास लागतो, साडेआठ हजार फुटांच्या आसपास. तिथे चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगली आणि आईंचं डोकं दुखायला लागलं. आम्ही डेन्वरला दोन आठवडे राहून गेलो होतो म्हणून निभावलं. तुमचे आईवडील मुंबईहून उतरल्या उतरल्या थेट इथे आणू नका, मधे चार दिवस तरी कुठेतरी थांबा आणि पाणी पाजत राहा.

स्वयंपाकाचं तर विचारूच नका. इथे पाणी साधारण ९२ अंशालाच उकळतं. उकळ्या दणादण फुटतात, बघणाऱ्याला वाटतं झालं, पण आतली तुरीची डाळ दगडासारखी. मित्राच्या बायकोने पातेल्यात वरण लावलं होतं, दीड तास गॅस जाळून शेवटी ती डाळ आमच्या आरव्हीत कुकरला आली. कुकरलाही घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त लागतात. चहाही नेहमीसारखा होत नाही, पत्ती दुप्पट टाकून बराच वेळ ठेवला तेव्हा कुठे रंग आला. सामानाच्या यादीत पहिला कुकर लिहा, बाकी सगळं नंतर.

आणि वास! अस्वलांच्या नियमात फक्त अन्न नाही, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं तंबूबाहेर, गाडीत बंद करून नाहीतर तिथल्या लोखंडी पेटीत. टूथपेस्ट, साबण, तेल, रिकामं घासलेलं पातेलंसुद्धा. आता आपल्या घरात वास नसलेली वस्तू कोणती ते सांगा. हिंगाची डबी, गोडा मसाला, लसणाची चटणी, आईंचं अमृतांजन. मित्राच्या तंबूतून आम्ही एकेक वस्तू बाहेर काढत होतो आणि ती लोखंडी पेटी शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासारखी दिसायला लागली. शेजारच्या जागेवरचे अमेरिकन आजोबा येऊन कुतूहलाने हुंगून गेले.

आता आरव्हीच्या फाइव्ह स्टारची गोष्ट ऐका. जुलै महिना, दुपारी टी-शर्टवर फिरत होतो. रात्री पारा चार-पाच अंशांवर. आम्ही हीटर लावून मस्त झोपलो. पहाटे तीनला हीटर बंद. का, तर हीटर जळतो प्रोपेनवर, पण गरम हवा ढकलणारा पंखा चालतो बॅटरीवर, आणि आम्ही संध्याकाळभर सगळे दिवे लावून, फोन चार्जिंगला लावून, पाण्याचा पंप घरच्यासारखा वापरून बॅटरी संपवलेली. जनरेटर लावावा तर तो फक्त सकाळी आठ ते रात्री आठ. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने ताब्यात देताना टीव्ही कसा लावायचा ते दहा मिनिटं दाखवलं, बॅटरीबद्दल चकार शब्द नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पाच तास आम्ही सगळे एका पलंगावर गोधड्या, जॅकेट, टॉवेल जे मिळेल ते घेऊन बसलो. पत्र्याची भिंत थंडीत काय गार पडते ते त्या रात्री कळलं. सकाळी बाहेर आलो तर तंबूवाले चांगल्या स्लीपिंग बॅगा आणि खाली जाड मॅट घेऊन ढाराढूर!

त्या दिवसापासून मी जनरेटरच्या वेळेबद्दल तक्रार करणाऱ्यांच्या बाजूची राहिले नाही. खरं तर मला तो आठ ते आठसुद्धा जास्त वाटतो. सकाळी आठ वाजून एक मिनिटाने चारी बाजूंनी जी घरघर सुरू होते ना, त्यात त्या पाण्याची सगळी शांतता जाते. आणि हो, आपणही कमी नाही. आपल्याच ग्रुपमध्ये रात्री दहाला अंताक्षरी सुरू झाली होती, मी गप्प केलं तर मलाच "तू अमेरिकन झालीस" ऐकावं लागलं.

लेकबद्दल थोडं, कारण गेलो होतो त्यासाठीच. साधारण १३२ चौरस मैलांचं पाणी आणि १४१ मैल किनारा, म्हणजे काठाने चालत निघालात तर पुणे-नाशिकपेक्षा लांब. हिवाळ्यात तो अख्खा गोठतो आणि बर्फ सुटायला मे संपतो, कधी जून लागतो. त्यामुळे जुलैतही पाणी असं की पाय बुडवला तर हाडात कळ जाते. कृपा करून पोहण्याच्या भानगडीत पडू नका, तिथे स्पष्ट सांगतात की या पाण्यात माणूस वीस-तीस मिनिटं तग धरतो. दुपारी वारा सुटला की लाटाही समुद्रासारख्या उठतात. गंमत म्हणजे त्याच लेकच्या वेस्ट थंब भागात काठावर गरम पाण्याचे झरे वाफाळत असतात. तिथे फिशिंग कोन नावाचं एक कुंड आहे, पूर्वी लोक लेकमध्ये मासा पकडून गळाला लागलेलाच तिथे बुडवून शिजवायचे. आता अर्थातच बंदी.

माशांवरून आठवलं. बाबांना मासेमारीचं भारी वेड, त्यांनी परमिट काढलं आणि नियम वाचून चक्रावले. इथला मूळचा कटथ्रोट ट्राउट मिळाला तर परत सोडायचा, आणि लेक ट्राउट मिळाला तर मारायचाच, सोडायला परवानगी नाही. हा लेक ट्राउट बाहेरचा, १९९४ मध्ये इथे पहिल्यांदा सापडला, आणि त्याने कटथ्रोटचा फडशा पाडला. कटथ्रोट अंडी घालायला ओढ्यांत चढतो म्हणून अस्वलांना, पक्ष्यांना खायला मिळायचा. लेक ट्राउट खोल पाण्यातच राहतो, तो कुणाच्याच तोंडी लागत नाही. बाबांना दोन्ही मिळाले नाहीत ते सोडा, पण रात्री शेकोटीशी सगळ्यांना हे समजावून सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

तर माझं मत. वडीलधारी आणि लहान मुलं असतील तर आरव्ही घ्या, पण ती संडास, स्वयंपाकघर आणि पावसातला आडोसा म्हणून घ्या, थंडीचा इलाज म्हणून नाही. हुकअप हवंच असेल तर फिशिंग ब्रिज, वर्षभर आधी बघायला लागा. आणि आरव्ही घेतली तरी अंगापुरत्या चांगल्या स्लीपिंग बॅगा न्याच, शून्याखाली चालणाऱ्या. धडधाकट असाल तर सरळ तंबू, अर्ध्याहून कमी खर्चात येतो आणि रात्री लाटांचा आवाज पत्र्याआडून नाही तर कानाशी येतो. दोन कुटुंबं असाल तर आमच्यासारखं एक-एक करा, सगळ्यात छान तेच जमलं.

शेवटच्या रात्री बाबा म्हणाले मी तंबूत झोपणार. आई ओरडल्या, नवरा ओरडला, मी गप्प राहिले. मित्राच्या मुलाने आपली बॅग त्यांना दिली आणि तो येऊन आरव्हीत झोपला. सकाळी साडेपाचला बाबा कानटोपी घालून काठावर बसलेले, पाण्यावर वाफ, लांब एक बायसन चरत होता. रात्री तीनदा उठावं लागलं का विचारलं तर म्हणाले, "चार वेळा. प्रत्येक वेळी तारे बघितले."

ती स्लीपिंग बॅग त्यांनी परत दिली नाही. तेवीस किलोच्या सामानात आईंच्या दोन साड्या काढून ठेवून ती नाशिकला गेलीये.