आजार वगळून ती मला आठवत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीवरील लेखाखाली आपण ‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : मी बहिणीवर लिहायला बसलो आणि संधिवाताचे माहितीपत्रक लिहून उठलो, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) घागरीशेजारी गोळ्यांची नावे शोभत नाहीत, लेख लांबला आहे, अहिराणी ओळींचा अर्थ दिलेला नाही, लहान मुलांना संधिवात होतो हे पटत नाही, आणि शेवटी, ‘आठवण माणसाची ठेवावी, निदान मेल्यावर तरी तिला आजारातून सोडा.’

अहिराणी ओळींविषयी आपले म्हणणे रास्त आहे. खानदेशाबाहेरचे वाचकही असतात. अर्थ आज जोडला आहे. लेखाची लांबी ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. मुलांच्या संधिवाताचे म्हणाल, तर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरांनी लंडनमध्ये 1897 सालीच त्याचे सविस्तर वर्णन केले होते. वयाच्या 16 वर्षांच्या आत सुरू झालेली आणि किमान 6 आठवडे टिकलेली, दुसरे कारण न सापडणारी सांध्यांची सूज, अशी आजची व्याख्या आहे. आपल्याला न पटल्याने त्यात काही बदलत नाही.

आता ते शेवटचे वाक्य. आमच्याकडे दारावर, म्हणजे सांत्वनाला, आलेला माणूस, त्याचे घराशी कितीही बिनसलेले असले तरी, भावाच्या तोंडावर ‘मेल्यावर तरी सोडा’ असे म्हणत नाही. ज्या लेखात मी आखाजीला दिवंगतांसाठी भरतात तशी तिच्या नावाने घागर भरली, डांगर (खरबूज) ठेवले, असे लिहिले आहे, त्याच लेखाखाली आपल्याला ही भाषा सुचली, याचे मला फार वाईट वाटले. स्पष्ट बोलणे आणि घाव घालणे यांतला फरक आपल्याला ठाऊक असेल असे मी धरून चाललो होतो.

ती वेगळी आणि तिचा आजार वेगळा, असे आपण किती सहज लिहिलेत! पाचव्या वर्षी तिचा गुडघा सुजला, पुढे मनगटे आणि बोटे. ज्याला ती लहानपणापासून अंगावर वागवत आली ते बाजूला काढले, तर जी उरेल ती माझी बहीण नसेल. आखाजीला आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाला झोका बांधला जाई. सकाळी तिची बोटे दोराभोवती वळत नसत आणि ती रडे. कोमट पाण्यात हात शेकून, घरभर फिरून दुपार झाली, की तीच सर्वांत उंच झोका घेई. रात्रभर न हललेले सुजलेले सांधे सकाळी आखडतात आणि हालचालीने हळूहळू मोकळे होतात, हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. गल्लीला ते माहीत नव्हते. ‘सकाळे रडस, दुपारले झोका खेळस, ढोंग करस पोर,’ (सकाळी रडते, दुपारी झोका खेळते, ढोंग करते पोर) असे बाया तिच्यादेखत म्हणत. खोटी ठरवली गेल्याचा तो राग तिच्या स्वभावात शेवटपर्यंत राहिला आणि तिचा करारीपणाही मला त्यातूनच आलेला दिसतो. आता सांगा, हे मी माणसाविषयी लिहिले की आजाराविषयी?

तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी संधिवातासाठी तपासला जाणारा रक्तातला आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून संधिवात नाही असे सांगितले आणि आम्ही निर्धास्त झालो. या आजाराच्या बहुसंख्य मुलांमध्ये ती तपासणी निगेटिव्हच येते. त्याहून मोठी किंमत डोळ्याने मोजली. या आजारात डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येऊ शकते आणि पुष्कळदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही. ती फक्त स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडील दिवा लावलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या, तपासणीत दिसते, म्हणून अशा मुलांचे डोळे ठरावीक काळाने, धोका अधिक असेल तर दर 3 महिन्यांनी, तपासावे लागतात. आम्हाला हे कोणी सांगितले नाही. तिला फळ्यावरचे दिसेना, तेव्हा कळले. एका डोळ्याची नजर परत आली नाही.

मोठेपणी लंगडणारे मूल दिसले, की ती त्याच्या आईला थांबवून डोळे तपासले का हे विचारत असे. लग्नात, एसटीत, बाजारात, कुठेही. मला संकोच वाटे, तिला वाटत नसे. ज्या गोळ्यांचे नाव आपल्याला खुपले, ती मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. तिने कॅलेंडरवर रविवार लाल शाईने गोल केलेले असत आणि तसेच करा असे ती इतरांना बजावत असे. तेव्हा ते माहितीपत्रक माझे नाही, तिचे आहे. तिच्या तोंडची वाक्ये गाळून तिच्यावर गोड लेख लिहिणे मला जमणार नाही, आणि असा लेख तिचा सन्मान करतो असे आपण मला शिकवू नये. तिला आजारपणात पाहिले ते आम्ही. आपण तिचे नावही त्या लेखापूर्वी ऐकले नव्हते.

आपल्याला पुन्हा लिहायचे असल्यास जरूर लिहावे, मात्र तिच्याविषयी बोलताना जरा जपून शब्द वापरावेत. गोळ्यांचा आणि डोळ्यांचा परिच्छेद आहे तेथेच राहील.