उष्मादायी अभिक्रिया तापवल्यावर मंदावत नाही

‘रसायनशास्त्र एका पानात’ असं एक चित्र विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर फिरतंय. माझ्या भाचीने परीक्षेच्या तोंडावर ते जसंच्या तसं वहीत उतरवलं, म्हणून हे लिहितेय.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य: ‘उष्मादायी अभिक्रिया तापवली की तिचा वेग कमी होतो, म्हणून अमोनिया कमी तापमानाला बनवतात.’ साफ चूक. उष्मादायी म्हणजे घडताना उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया. तापमान वाढलं की सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) ओलांडू शकणारे रेणू वाढतात आणि वेग वाढतो, पुढच्या दिशेच्या (पदार्थ बनण्याच्या) अभिक्रियेचाही आणि उलट्या (तो परत मोडण्याच्या) अभिक्रियेचाही. उष्मादायी अभिक्रियेत उलट्या दिशेची सक्रियण ऊर्जा जास्त असते, म्हणून तिचा वेग अधिक पटींनी वाढतो आणि समतोल (दोन्ही दिशांचे वेग सारखे होतात ती स्थिती) मागे, मूळ पदार्थांकडे सरकतो. घटतं ते समतोलाला मिळणारं उत्पादन. वेग घटत नाही!

अमोनिया बनवायची हाबर पद्धतच बघा ना. नायट्रोजन आणि हायड्रोजन 400 ते 500 अंश सेल्सिअसला, साधारण 200 वातावरण दाबाखाली, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून (स्वतः न संपता वेग वाढवणाऱ्या पदार्थावरून) नेतात. याला कमी तापमान म्हणायचं? 25 अंशांना समतोल अमोनियाकडेच झुकलेला असतो, पण तिथवर पोचायला वेगच नसतो. दोन्ही वायू नुसते एकत्र पडून राहतात. उत्पादन थोडं गमावून वेग मिळवायचा, हा सौदा 1913 मध्ये जर्मनीतल्या ओपाऊच्या अमोनिया कारखान्यापासून चालत आलाय.

आणि हा प्रश्न फक्त गुणांचा नाही. मिश्रण तापायला लागलं की ‘आता आपोआप मंदावेल’ असं समजून कोणी उभं राहिलं तर? उष्णतेने वेग वाढतो, वेगाने आणखी उष्णता निघते, आणि मिश्रण उसळून अंगावर येतं.

‘समतोलाला अभिक्रिया थांबते, संहती समान होतात’ हे त्या चित्रातलं वाक्यही खोटं (संहती म्हणजे ठरावीक जागेतलं पदार्थाचं प्रमाण). दोन्ही दिशांचे वेग समान होतात, एवढंच. हायड्रोजन आणि आयोडीन एकेक मोल (पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) घेतले तर 425 अंशांच्या आसपास हायड्रोजन आयोडाइड सुमारे 1.57 मोल होतं आणि ते दोघे प्रत्येकी 0.21 मोल उरतात. कुठे आहे समान? उत्प्रेरकाने उत्पादन वाढतं म्हणे. तो समतोल लवकर आणतो, हलवत नाही.

‘दर 10 अंशांना वेग दुप्पट’ यात मात्र तथ्य आहे, अर्धंच. सक्रियण ऊर्जा 53 किलोजूल प्रतिमोलच्या आसपास असेल तर 25 वरून 35 अंशांवर जाताना ते जमतं. तीच अभिक्रिया 500 वरून 510 वर नेली तर वेग जेमतेम 11 टक्क्यांनी वाढतो.