प्रोग्रेसिव्ह मेटल ‘आपल्या कानांचं नाही’? एका फॉरवर्डला इंदूरहून उत्तर

सध्या आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. रामबागेच्या ग्रुपवर आला, सुदामानगरच्या ग्रुपवर आला, मग तोच पुण्याहून मावसबहिणीनेही पाठवला. मथळा आहे ‘प्रोग्रेसिव्ह मेटल: ऐकण्याआधी हे वाचा’. प्रोग्रेसिव्ह मेटल, थोडक्यात प्रोग, म्हणजे जड गिटारांचं मेटल आणि प्रोग रॉकच्या लांब, मात्रा बदलत जाणाऱ्या रचना यांचं मिश्रण. त्यातले मुद्दे असे: हा नुसता आरडाओरडा आहे, संगीत शिकलेल्यालाच तो कळतो, गाणी वीस-वीस मिनिटांची, एवढा वेळ कुणाला आहे, विषय सैतान आणि नैराश्य, ऐकायचंच असेल तर ड्रीम थिएटरपासून सुरुवात करून खाली दिलेले दहा अल्बम त्याच क्रमाने ऐका, रागदारीवर पोसलेल्या कानांना हे मानवणार नाही, आणि तसाही हा प्रकार आता संपलाय.

लिहिणाऱ्याने थोडंफार ऐकलेलं दिसतंय. नावं बरोबर आहेत, सालंही बरोबर आहेत. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. निव्वळ अडाणी मेसेज असता तर सोडून दिला असता.

‘नुसता आरडाओरडा’

ओरडणं आहे, नाही कशाला म्हणू? मेटलवाले त्याला ग्रोल म्हणतात. घशाच्या तळातून काढलेला खरखरीत आवाज, ज्यात शब्द कमी आणि पोत जास्त. पण प्रोगमधले निम्म्याहून अधिक मोठे बँड ग्रोल करतच नाहीत. ड्रीम थिएटर, टूल, क्वीन्सराइश, फेट्स वॉर्निंग, पेन ऑफ साल्व्हेशन, लेप्रस ही सगळी मुख्यतः सरळ गाणारी मंडळी. जे करतात त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला स्वीडनचा ओपेथ. त्यांचा मिकाएल ओकरफेल्ट ग्रोल करतो आणि त्याच गाण्यात पुढच्या कडव्याला इतक्या मऊ आवाजात गातो की माणूस बदलला की काय असं वाटावं. या बँडने एकाच सुमारास दोन अल्बम रेकॉर्ड केले. २००२चा ‘डेलिव्हरन्स’ जड, आणि २००३चा ‘डॅम्नेशन’ असा की त्यात एकही ग्रोल नाही. मेलोट्रॉन (टेपवर भरलेले सूर वाजवणारं जुनं कीबोर्ड वाद्य), साधी गिटार आणि उदास चाली, बस. मेसेजच्या यादीत ‘डॅम्नेशन’ नाहीच. का नाही, ते कळत नाही, कारण नवख्या माणसाच्या हातात द्यायला यासारखा दुसरा अल्बम मला तरी माहीत नाही.

आणखी एक गोष्ट. हे संगीत फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, साध्या गिटारची ८२च्या आसपास, आणि मेटलमध्ये ती आणखी खाली उतरवलेली असते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून हा तळ येतच नाही, वरचा चरचराट तेवढा येतो. तबल्याचा बायाँ काढून नुसती चाट ऐकवली तर ती तरी कोण ऐकेल? कानात बरे इयरफोन घाला, मग बोलू.

‘शिकलेल्यालाच कळतं’

इथे मेसेजवाला मात्रांची भीती घालतो. सात, नऊ, अकरा मात्रांचे तुकडे, सतत बदलणारे, मोजता येत नसतील तर फिरकू नका म्हणे. आता ड्रीम थिएटरचं ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ सहा मिनिटांच्या थोडं वर आहे आणि त्यात शंभराहून जास्त वेळा मात्रांचा हिशोब बदलतो, हे खरं. तो एक टोकाचा नमुना आहे, आणि माझ्या मते ऐकण्यापेक्षा वाजवण्यातच त्याची मजा जास्त. पण पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (१९७३) सात मात्रांचं आहे आणि जगभर लोक ते न मोजता गुणगुणतात. सात मात्रांच्या रूपकातली भजनं आपल्याकडे कोण मोजतं?

इंदूरच्या माणसाला तर मात्रांचा बाऊ करायचा हक्कच नाही. ख्यालगायक अमीर खाँसाहेब याच गावात वाढले. चौदा मात्रांचा झुमरा ते इतका विलंबित ठेवत की समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला किती वेळ लागतो, ते एकदा घड्याळ लावून बघाच. समोरच्या श्रोत्यांतल्या किती जणांनी चौदा मोजले असतील? सम आली की मान हलते, तेवढं पुरतं.

आमच्या गल्लीत एक काका तबला शिकवतात. त्यांना मी टूलचं ‘लॅटरलस’ (२००१) ऐकवलं. त्याच्या ध्रुवपदात नऊ, आठ, सात अशा मात्रांचे तुकडे एकापाठोपाठ येतात. काका पहिल्यांदा वैतागले, म्हणाले, “अरे, हा माणूस सम चुकतोय.” मग गुडघ्यावर बोटं चालायला लागली. नऊ अधिक आठ अधिक सात, चोवीस. म्हणजे दोन फेऱ्यांत अठ्ठेचाळीस, सोळा मात्रांच्या तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. त्यांनी तीनताल धरला आणि दोन फेऱ्यांनंतर दोघं बिनचूक एकत्र आले. “पुन्हा लाव,” म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी मोजणं सोडलं होतं. याच बँडचं ‘स्किझम’ त्याहून सोपं. मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, बासवर, पाच आणि सात आलटूनपालटून. बेरीज बारा, पण एकतालासारखे दोन-दोनचे विभाग नाहीत, म्हणून लंगडत चालल्यासारखं वाटतं. ते लंगडणंच ऐकायचं.

ज्यांना लयकारीच आवडते त्यांनी स्वीडनचाच मेशुगा ऐकावा, पण आधी नव्हे, नंतर. तिथे ड्रमरचा हात झांजेवर सरळ चार मोजत राहतो, आणि पाय व गिटार मिळून एक विषम लांबीचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात. तुकडा चारच्या घरातून घसरत जातो. आपल्या तिहाईत, म्हणजे तीनदा वाजवलेल्या तुकड्यात, हिशोब आधीच असा बसवलेला असतो की शेवटचा धा समेवर पडावा. मेशुगा पुष्कळदा तसं करत नाही. आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांची आठ घरं, संपले की उरलेला तुकडा सरळ कापतो आणि पहिल्यापासून सुरू. पहिल्यांदा ऐकताना ही फसवणूक वाटते, नंतर तिचीच वाट बघायला लागतो आपण.

‘वीस मिनिटं कुणाला आहेत?’

वीस काय, फेट्स वॉर्निंगचा १९९७चा ‘अ प्लेझंट शेड ऑफ ग्रे’ अख्खा अल्बमच बारा भागांचं एक गाणं आहे. ड्रीम थिएटरचं ‘सिक्स डिग्रीज ऑफ इनर टर्ब्युलन्स’ बेचाळीस मिनिटांचं. पण लेप्रसचं ‘फ्रॉम द फ्लेम’ चार मिनिटांच्या आत संपतं, ओपेथचं ‘हार्वेस्ट’ सहा मिनिटांत. आणि अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची जुनी रेकॉर्ड एक बाजू संपल्यावर उठून उलटवणाऱ्यांच्या गावात, सराफ्यात मध्यरात्री भुट्ट्याच्या कीससाठी ताटकळणाऱ्यांच्या गावात, वेळेची तक्रार कुणी करू नये.

‘सैतान आणि नैराश्य’

नैराश्य आहे. भावगीतात नाही का? सैतान मात्र शोधावा लागेल. ड्रीम थिएटरच्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ची (१९९९) गोष्ट सांगतो. निकोलस नावाच्या माणसाला एक मुलगी सारखी स्वप्नात दिसते. संमोहनतज्ज्ञाकडे गेल्यावर कळतं की मागच्या जन्मी तो स्वतःच ती मुलगी होता, आणि १९२८ साली तिचा खून झाला होता. पुनर्जन्म, खून, दोन भाऊ आणि एक प्रेयसी. आमची आजी हे एका बैठकीत समजून घेईल, वर खुनी कोण तेही आधीच सांगेल. मॅस्टोडॉनचा ‘लेव्हायथन’ (२००४) देवमाशामागे लागलेल्या कप्तानाच्या जुन्या अमेरिकन कादंबरीवर उभा आहे. फ्रान्सच्या गोजिराच्या ‘फ्रॉम मार्स टू सिरियस’मध्ये (२००५) पृथ्वीच्या ऱ्हासाची काळजी आहे. क्वीन्सराइशच्या ‘ऑपरेशन: माइंडक्राइम’मध्ये (१९८८) राजकारणासाठी पोरांची डोकी कशी फिरवली जातात ते आहे. हा शेवटचा विषय तर फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी आधी ऐकावा.

‘याच क्रमाने ऐका’ आणि ‘रागदारीच्या कानांना मानवणार नाही’

हे दोन मुद्दे मेसेजमध्ये वेगळे आहेत, पण खरं तर एकच आहेत. दुसऱ्याचं कारण पहिल्यात दडलंय.

रागदारी ऐकणाऱ्याला मात्रा अडवत नाहीत, लांबीही अडवत नाही. अडवतो तो षड्ज. आपल्या मैफिलीत तानपुरा एकदा लागला की सा हलत नाही, सगळा अर्थ त्याच्याशी नातं जोडून कळतो. ड्रीम थिएटरसारखा बँड आठ-दहा मिनिटांत मुक्काम चार ठिकाणी हलवतो. आत्ता ज्या सुराला घर म्हणून धरलं, तो पुढच्या वळणावर परका झालेला. त्यात कीबोर्ड आणि गिटारची द्रुत तानांची चढाओढ. कान दमतो, आणि दमलेला माणूस म्हणतो, हे आपल्यासाठी नाही. मग मेसेज त्याला पहिला अल्बम कोणता देतो? १९९२चा ‘इमेजेस अँड वर्ड्स’. अल्बम उत्तमच आहे, इतिहासाच्या दृष्टीने त्याला तोड नाही. बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात भेटलेल्या पोरांनी मेटल आणि सत्तरच्या दशकातलं प्रोग रॉक इतकं पक्कं एकजीव केलं की पुढच्या सगळ्यांना ती मोजपट्टी झाली. पण इतिहासाचा क्रम आणि कानाचा क्रम एकच असायला हवा, हे कुणी ठरवलं? शाळेतला अभ्यासक्रम आहे का हा?

आपल्या कानांसाठी दार टूल आहे. त्यांची गिटार बऱ्याचदा खालची तार डी सुरात उतरवून लावलेली असते, आणि रिफ कितीही भटकला तरी त्या खुल्या तारेवर परत येतो. ती तार गाणंभर खाली घुमत राहते. तानपुरा नव्हे, पण कानाला टेकायला जागा मिळते. ‘लॅटरलस’ अल्बम रात्री, दिवे घालवून, एका बैठकीत ऐका. मग ‘डॅम्नेशन’. मग पॉर्क्युपाइन ट्रीचा ‘इन अ‍ॅब्सेन्शिया’ (२००२), ज्यातलं ‘ट्रेन्स’ कुणालाही आवडतं. त्यांचा स्टीव्हन विल्सन ओपेथच्या ‘डॅम्नेशन’चा आणि त्याआधीच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’चाही (२००१) निर्माता, तेव्हा आवाजाचं नातं आपोआप लागतं. मग ‘ब्लॅकवॉटर पार्क’, आधी ‘हार्वेस्ट’ आणि नंतर ‘द ड्रेपरी फॉल्स’. तिथे ग्रोल येईल, पण तोवर तुम्ही त्या घरात रुळलेले असाल. ड्रीम थिएटर यानंतर, आणि तेही ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’पासून, कारण गोष्ट हात धरून नेते.

जे लहानपणापासून आयर्न मेडनसारखं जुनं हेवी मेटल ऐकत आलेत त्यांना हा क्रम लागू नाही. त्यांनी खुशाल क्वीन्सराइश घ्यावं.

या मेसेजला ग्रुपवर एकाने उलट उत्तर दिलं होतं, ‘हे सगळं आपल्याकडूनच गेलंय’. त्याला भरपूर हात जोडलेले आले. तेही खरं नाही. टूलचा ड्रमर डॅनी कॅरी आलोके दत्त यांच्याकडे तबला शिकला, हे खरं. पण प्रोगच्या विषम मात्रा प्रामुख्याने किंग क्रिम्सन, येस, रश अशा ब्रिटिश आणि कॅनेडियन बँडांकडून आल्या. इथे आलाप नाही, बढत नाही, बहुतेक सगळं आधीच बांधलेलं. आपल्याला ते कळू शकतं याचा अर्थ ते आपलं आहे असा होत नाही, भिया.

‘आता संपलंय’

टूलचा ‘फिअर इनॉक्युलम’ २०१९ साली अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ड्रीम थिएटरला पहिलं ग्रॅमी २०२२मध्ये मिळालं. गोजिरा २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात वाजलं, आणि त्याच वर्षी ओपेथने ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये कित्येक वर्षांनी ग्रोल परत आणला.

आपल्याकडे म्हणाल तर इंदूरचाच निकोटिन हा बँड २००६ साली सुरू झाला. तो प्रोग नव्हे, सरळ हेवी मेटल, पण या गावात मेटल वाजत नाही असं म्हणणाऱ्यांना तेवढं पुरे. प्रोगमध्ये दिल्लीचा स्कायहार्बर आहे. त्यांच्या २०१२च्या ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज’वर पूर्वी मेगाडेथ या अमेरिकन मेटल बँडमध्ये असलेला गिटारवादक मार्टी फ्रीडमन पाहुणा म्हणून वाजवून गेलाय. बंगळुरूचा प्रोजेक्ट मिश्रम कर्नाटकी गाणं, बासरी आणि व्हायोलिन थेट मेटलमध्ये आणतो. इंग्रजी शब्दांचीच अडचण असेल तर मुंबईच्या कोशिशचा ‘फिरदौस’ (२०१३) आहे, सगळा हिंदीत. तो मेटलपेक्षा रॉककडे झुकलेला आहे, म्हणून वरच्या क्रमात ‘डॅम्नेशन’च्या लगेच नंतर लावलात तरी चालेल.