तिकीट मुरू द्या की जरा

कॅलिफोर्नियात खोदकामाची साइट सांभाळताय ना, मग आधी डोक्यावरचं ओझं उतरवा. सुरुवातीला ८११ कडे (खोदण्याआधी जमिनीखालच्या लाइन्स दाखवून घ्यायचा नंबर) तिकीट, म्हणजे तशी विनंती, टाकलंत, पांढऱ्या रंगाने हद्द आखलीत, दोन वर्किंग डेज वाट पाहिलीत, मग लाइन्स शोधून खुणा करणारे लोकेटरवाले येऊन गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, केबलला नारिंगी असे पट्टे मारून गेले, रंगपंचमी झाली, आता परत परत तेच कशाला? तिकिटाची मुदत २८ दिवस असते म्हणे. असू दे. दुधाच्या पिशवीवर पण तारीख असते, आपण वास घेऊन बघतोच की.

डोंबिवलीत असताना लोकलचा पास संपायच्या आदल्या दिवशी खिडकीवर रांग लावायचात, मान्य आहे, पण तिथे टीसी होता. इथे जमिनीखाली कोण बसलंय तिकीट विचारायला? आणि रिन्यू करायला पैसे पण पडत नाहीत, फुकट मिळणाऱ्या गोष्टीला आपल्यात कधी किंमत होती.

पट्टे पुसले गेलेत? थोडे पावसाने गेले, थोडे ट्रकच्या चाकांखाली, आणि जे उरले होते ते तुम्हीच वरच्या मातीसकट उचलून डंपरमध्ये भरलेत. हरकत नाही. ऑपरेटरला विचारा, "पिवळा कुठून जात होता रे?" तो केबिनमधूनच हवेत एक रेघ मारेल. कायदा म्हणतो लाइनच्या दोन्ही बाजूंना २४ इंचांत आधी हाताच्या अवजारांनी खोदून लाइन शोधा, पण रेघच हवेत आहे म्हटल्यावर २४ इंच मोजायचे कुठून, तो पण प्रश्न मिटला.

मधल्या काळात कुणी नवी लाइन टाकली असेल का, असले विचार तर मनात आणूच नका. पलीकडच्या फुटपाथवर ते फायबरवाले तीन आठवडे ड्रिल घेऊन बसलेत ना, ते हवापालटाला आलेत.

सब-कॉन्ट्रॅक्टर विचारेल, मी माझं वेगळं तिकीट काढू का? म्हणावं, बाबा रे, माझंच आहे, घरचं समज. (जो खोदणार त्याच्या नावाचं लागतं, पण परक्यासारखं काय वागायचं.) टेक्सासमधला मेहुणा सांगेल की तिथे १४ वर्किंग डेजचं असतं. म्हणजे प्रत्येक स्टेटचं वेगळं, म्हणजे कुणालाच नक्की माहीत नाही, असाच अर्थ काढा.

आणि समजा बकेट कशाला तरी अडली, सूंऽऽ आवाज यायला लागला, सगळे मशीन सोडून लांब पळाले, कुणीतरी ९११ लावला, तरी घाबरू नका. नंतर गॅस कंपनीचा माणूस येईल आणि पहिलं विचारेल, तिकीट नंबर काय, शेवटचं रिन्यू कधी केलंत? तेव्हा मोबाईलमधला पहिल्या दिवशीचा फोटो दाखवा. त्यात पट्टे अजून पिवळेधम्मक आहेत.