भातखाचरांनापण पाणथळ म्हणा

कोजागिरीच्या आसपास अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या भातशेतीत, पक्षी बघायला जायचं असेल तर पहाटे उठून धावपळ करू नका, उधाणाची भरती आपल्याकडे दुपारी बारा-एकला पूर्ण चढते आणि बघण्यासारखं सगळं तेव्हाच असतं. ऊन मरणाचं असतं, ऑक्टोबर हीट, पण टोपी घाला आणि जा. ओहोटीला पक्षी धरमतर खाडीच्या चिखलात लांबवर पसरलेले, दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. पाणी चढलं की चिखल बुडतो आणि मग थवेच्या थवे बांधावरून आत येतात, सखल खाचरात, जिताडा मासा पाळायच्या तलावाच्या कडेला, जिथे घोटाभर पाणी असेल तिथे.

परवा कापलेल्या भाताच्या धसकटांमध्ये टिलवे अगदी समोर होते. चिमणीएवढा जीव, वजन २५-३० ग्रॅम, उत्तरेच्या टुंड्रातून आलेला. चार पावलं पळायचं, चिखलात चोच टोचायची, परत पळायचं, थांबणं नाहीच. मागे पाणटिवळे एका पायावर झोपलेले. वरून भोवत्या, शिकारी पक्षी, गेला तसे सगळे एकदम उडाले आणि गोल फिरून परत त्याच खाचरात उतरले!

आता माझं म्हणणं ऐका. २०१७ च्या पाणथळ नियमांत व्याख्येतूनच भातशेती वगळलीय, मिठागरं आणि मत्स्यशेतीचे तलावपण. पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात मात्र हे सगळं पाणथळच धरतात. म्हणजे ओहोटीला पक्षी जिथे खातो ती जागा आपण मोजणार आणि भरतीला जिथे टेकतो ती कागदावर नुसती जमीन, उद्या भराव टाकला तर बोलणार कोण? आणि टेकायला जागा नसेल तर हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याने भरतीभर हवेतच घिरट्या घालायच्या का, अंगातली उरलीसुरली चरबी जाळत?

यात शेतकरी आडवा येतोय असं कृपा करून कुणी म्हणू नका. ही खाचरं टिकलीत ती त्याच्याच बांधामुळे आणि उघाडीमुळे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारामुळे, जिची झडप भरतीला बंद होते आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते. बांध एकदा फुटून खांड पडली की खारं पाणी शेतात, भात गेलं, पुढची पिकंपण गेली, मग माणूस वैतागून जमीन विकतो. खारभूमी विकास कायदा १९७९ पासून आहे, तरी दुरुस्तीसाठी गावकऱ्यांनी किती वर्षं अर्ज करत बसायचं? पक्षी वाचवायला जो पैसा येतो त्यातला काही पावसाआधी या बांधांवर खर्च करा, एवढी साधी मागणी आहे.

आणि जे जाल त्यांनी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदीच्या वेबसाइटवर, यादी टाकताना भरतीची वेळ लिहा, पक्षी खाडीत नाही खाचरात होता हे स्पष्ट लिहा. भात उभं असेल तर बांधावरूनच चाला.