खाडीच्या अलीकडे

आमच्या कंपनीने ‘हेल्दी बाउंड्रीज’ या विषयावर सेशन ठेवलं, तेही शनिवारी संध्याकाळी सातला. ऑनलाइन, कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. वक्त्या बाई सांगत होत्या की, फ्रान्समध्ये 2017 पासून 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना ऑफिस सुटल्यानंतरच्या फोन-मेलचं काय करायचं, याची कामगारांशी बोलणी करावी लागतात. मी मान डोलवत होतो आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने मांडीवर मेथी निवडत होतो. तेवढ्यात कोपऱ्यात साहेबांचा मेसेज टपकला : ‘सेशन संपलं की दोन मिनिटं बोलू.’

साहेबांची दोन मिनिटं म्हणजे कुकरच्या सहा शिट्ट्या. हे मी अंदाजाने सांगत नाही. तीन शिट्ट्यांवर उतरवायच्या भाताची एकदा आमच्याकडे पेज झाली होती, तेव्हा हिने मोजल्या होत्या. फोन उचलला की त्यांचा पहिला प्रश्न, “घरीच आहेस ना?” रात्री साडेनऊला माणूस घरीच असतो. तिथेच तो सापडतो.

सेशनचा परिणाम म्हणा किंवा पेजेचा, मी हद्द आखायची ठरवली. राहतो ठाण्यात, ऑफिस ऐरोलीला, मध्ये खाडी. इतकी सोयीची हद्द फ्रान्समध्येही कुणाला मिळाली नसेल. नियम साधा : संध्याकाळी ट्रान्स-हार्बरची गाडी विटाव्याकडून येऊन खाडीपूल ओलांडते, त्यानंतर ऑफिसचा फोन उचलायचा नाही.

पहिल्याच दिवशी गाडी पुलावर थांबली. ठाण्यात प्लॅटफॉर्म रिकामा नसला की ती अशी ताटकळते. फोन वाजला. साहेब. पुढचे डबे ठाण्याच्या बाजूला, मागचे कळव्याच्या, मी मधल्या डब्यात आणि खाली ओहोटीचा काळा चिखल. चौकीत कसं सांगतात, ‘ही आमची हद्द नाही, तिकडे जा’, तसं सांगावं म्हटलं तर तिकडे म्हणजे नेमकं कुठे? शेवटी समोरचे काका वैतागले. “अहो, उचला तरी किंवा बंद तरी करा. पुलावर तेवढाच आवाज येतोय.”

मी उचलला. ठाण्यात उतरून, दोन नंबरच्या जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन एक फाइलही पाठवली.

घरी आल्यावर हिला मात्र भाषण दिलं. गिरणी कामगारांना 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं झगडून मिळवली होती. लोखंडे जन्माने ठाण्याचे! ठाण्याच्या माणसाने मिळवलेला रविवार मी ठाण्यातच बसून मालकाला परत करतोय!

“त्यांनी मालकांशी वाद घातला,” ही पोळी उलटत म्हणाली. “तू काकांचं ऐकून फोन उचललास.”

मग जरा थांबून म्हणाली, “नियम चांगला आहे पण. मीसुद्धा पाळते. तू खाडीपलीकडे असलास की मी फोन करणार नाही. हद्द म्हणजे हद्द.”

मी “वा!” म्हणालो. खरं तर तेव्हाच थोडं चरकलो. कारण, खासगीत सांगतो, माझ्या ऑफिसच्या दिवसातला बराच भाग गॅसवाला कधी येणार, मुलीच्या प्रोजेक्टला कार्डशीट कुठला रंग आणि आईची बीपीची गोळी संपली का, यातच जातो. मीटिंगमध्ये मी गंभीर चेहऱ्याने टाइप करत असतो तेव्हा साहेबांना वाटतं, मुद्दे टिपतोय.

बुधवारी पूल सुखरूप पार पडला. फोन नाही. विजयी वीरासारखा घरी आलो, थेट बाथरूममध्ये शिरलो, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत साबण लावला आणि नळ सोडला. नळ घशातून खरखरला आणि गप्प झाला.

“अगं, पाणी!”

“शटडाऊन आहे,” दाराबाहेरून शांत आवाज आला. “दुपारीच सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं. साडेसातला टाकी बंद.”

“मग फोन नाही का करायचा? लवकर निघालो असतो!”

“तू पलीकडे होतास.”

दाराच्या फटीतून एक तांब्या आत आला. पिण्याच्या पिंपातला, फक्त डोळ्यांपुरता, असं बजावून. मी एक डोळा धुतला, तोच बाहेर माझा फोन वाजला. ती वाजण्याची तऱ्हासुद्धा मी ओळखतो. दोन मिनिटंवाले.

“उचलू का?” हिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उचलला. “हो, घरीच आहेत... नाही, आंघोळीला बसलेत... हो, पाणी आलं की करतील फोन.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

“उद्या सकाळी नऊनंतर,” ही म्हणाली.