ध्रुव जवळचा असता तर : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार.

ध्रुव आणि अगस्ती या ताऱ्यांच्या आकाशातल्या उंचीवरून पृथ्वीचा आकार कसा कळतो, या माझ्या लेखावर आपण धुळ्याहून पाठवलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला मुख्य आक्षेप असा, की दक्षिणेकडे जाताना ध्रुव खाली उतरतो हे खरे असले, तरी भुसावळच्या यार्डातला दिव्याचा उंच खांबही आपण दूर जाऊ तसतसा खाली उतरत जातो आणि त्यासाठी जमीन गोल असावी लागत नाही. म्हणजे मी गोलत्व आधी गृहीत धरले आणि मग तेच सिद्ध केल्यासारखे दाखवले. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचे नाव मी केवळ खानदेशाच्या अभिमानापोटी घेतले, असेही आपण म्हणता. शिवाय ध्रुवतारा नेमका खगोलीय ध्रुवबिंदूवर, म्हणजे ज्या बिंदूभोवती सगळे आकाश फिरताना दिसते त्यावर, असल्याचे मी लिहिले होते, ते चूक असल्याचे आपण दाखवून दिले आहे.

ही चूक मला पूर्णपणे मान्य आहे. ध्रुवतारा त्या बिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे आणि त्याभोवती लहानसे वर्तुळ काढतो, त्यामुळे एकाच गावात चोवीस तासांत त्याच्या उंचीत सुमारे सव्वा अंशाचा फरक पडतो. कोनमापक घेऊन मोजणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

आता खांबाकडे वळतो. आपला आक्षेप पोकळ नाही. केवळ दोन गावांची मोजमापे हाती असतील, तर गोल जमीन आणि फार दूरचा तारा किंवा सपाट जमीन आणि जवळचा तारा, या दोन्ही कल्पनांत ती सारखीच चपखल बसतात, आणि माझ्या लेखात दोनच गावे होती. दोन गावांवरून जे ठरत नाही ते तिसऱ्या गावावरून ठरते, हे मी तेथे लिहायला हवे होते, ते राहून गेले.

या कामी जळगावचे स्थान फार सोयीचे आहे. श्रीनगर, जळगाव आणि कन्याकुमारी ही तीन ठिकाणे ढोबळमानाने एकाच दक्षिणोत्तर पट्ट्यात येतात आणि जळगाव जवळजवळ मधोमध पडते. श्रीनगर ते जळगाव हे दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,४५० किलोमीटर, तर जळगाव ते कन्याकुमारी सुमारे १,४३० किलोमीटर आहे. ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची श्रीनगरला ३४.१ अंश, जळगावला २१ अंश आणि कन्याकुमारीला ८.१ अंश आहे. पहिल्या टप्प्यात घट १३.१ अंशांची आणि दुसऱ्या टप्प्यात १२.९ अंशांची, म्हणजे जवळपास सारख्या अंतराला जवळपास सारखी घट. खांबाचे असे होत नाही. सपाट जमिनीवर आपण खांबापासून जसजसे दूर जातो, तसतशी प्रत्येक पावलागणिक होणारी घट कमी होत जाते. खांबाच्या जवळ ती भराभर होते आणि लांब गेल्यावर खांब नुसता रेंगाळतो. तरीही जमीन सपाट धरून त्रिकोणमितीने हिशेब करून पाहावा. श्रीनगर आणि जळगाव येथील कोनांवरून ध्रुवाची जमिनीपासूनची उंची सुमारे १,२९० किलोमीटर निघते, तर जळगाव आणि कन्याकुमारी येथील कोनांवरून तोच ध्रुव सुमारे ३२० किलोमीटरवर येतो. पहिली उंची खरी मानली, तर कन्याकुमारीला ध्रुव १५ अंशांवर दिसायला हवा, आणि प्रत्यक्षात तो ८ अंशांवर आहे. सात अंशांची ही तफावत मोजणाऱ्याच्या हाताच्या चुकीत मावणारी नाही.

हे आकडे नुसते नकाशावरून उचलले आहेत, असे आपल्याला वाटू नये म्हणून सांगतो. शाळेतला लाकडी कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली शीतपेयाची नळी आणि मध्यबिंदूपासून दोऱ्याला टांगलेला लोखंडी नट, एवढेच माझे साधन आहे. गेल्या हिवाळ्यात जळगावाबाहेर केळीच्या बागेच्या बांधावर बसून मी सात वेळा मोजले. दोरा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरावा लागतो आणि वाऱ्याच्या रात्री ते जमतच नाही. माझी वाचने साडेवीस ते साडेएकवीस अंशांच्या दरम्यान आली. श्रीनगरला असलेल्या माझ्या भाच्याने तशाच साधनाने मोजून ३४ अंश कळवले. कन्याकुमारीला माझ्या तीनपैकी दोन रात्री धूसर हवेत वाया गेल्या आणि तिसऱ्या रात्री वाचन साडेसात अंश मिळाले. अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे झाला, तरी १५ आणि ८ यांतला निवाडा बदलत नाही.

अगस्ती याच गोष्टीची उलट बाजूने साक्ष देतो. आकाशात सर्वाधिक उंचीवर असताना तो श्रीनगरला जेमतेम ३ अंशांवर, जळगावला १६ अंशांवर आणि कन्याकुमारीला २९ अंशांवर असतो. ध्रुव जितका खाली जातो तितकाच अगस्ती वर येतो आणि या सगळ्या प्रवासात मृगाच्या तीन ताऱ्यांमधले अंतर तसूभरही बदलत नाही. तारे खांबाप्रमाणे जवळ असते, तर जागा बदलल्यावर नक्षत्रांच्या आकृत्या विस्कटल्या असत्या. येथे सगळे आकाश एकसंध कलते, आणि त्याचे कारण आपल्या पायाखालची जमीन कलते हे आहे.

आपल्यासारखाच प्रश्न चीनमध्ये मोजणीने तपासला गेला होता. सपाट जमीन गृहीत धरून हजार ली (अंतराचे चिनी माप) अंतराला उभ्या काठीच्या सावलीत एका इंचाचा फरक पडतो, असा नियम तेथे शतकानुशतके चालत आला होता. इ. स. ७२४ च्या सुमारास यी शिंग या बौद्ध भिक्षूच्या देखरेखीखाली दक्षिणोत्तर रेषेवरच्या अनेक ठिकाणी सावल्या आणि ध्रुवाची उंची मोजली गेली. सावलीचा जुना नियम खोटा ठरला, ध्रुवाच्या उंचीत मात्र अंतराच्या प्रमाणात नियमित बदल आढळला. त्यावरून पृथ्वी गोल असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला नाही, ही वेगळी गोष्ट.

भास्कराचार्यांचे नाव का घेतले, तेही सांगतो. चाळीसगावाजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, आणि त्याचा अभिमान मला आहे हे मी नाकारत नाही. परंतु लेखात त्यांना आणले ते त्यांच्या रीतीसाठी. माणूस उत्तरेकडे जातो तसतसा ध्रुव उंचावतो, आणि दक्षिणोत्तर असलेल्या दोन नगरांमधले अंतर व त्यांच्या अक्षांशांतला फरक घेऊन त्रैराशिकाने पृथ्वीचा परिघ काढता येतो, असे त्यांच्या गोलाध्याय या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे. हे त्रैराशिक दर अंशाला सारखे अंतर पडते असे धरून चालते, म्हणून त्याने परिघ मिळतो, आकार सिद्ध होत नाही, हा आपला मुद्दा मी स्वीकारतो. तापीकाठी उभे राहिल्यावर रान सपाट का दिसते, याचेही उत्तर त्याच ग्रंथात आहे : परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो आणि माणूस फार लहान आहे.

एका ठिकाणी मात्र आपल्या शंकेला मी अधिक बळ देतो. हे सगळे मोजमाप ओळंब्यावर, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या वजनावर, अवलंबून आहे आणि ओळंबा दर वेळी निर्दोष लंब दाखवतोच असे नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पायारेषा (मोजणीची पहिली आधाररेषा) मोजून सुरू केलेले आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलेले त्रिकोणीय सर्वेक्षण पाहावे. त्यात कल्याणपूर आणि कलियाना या ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक ताऱ्यांवरून एक आणि जमिनीवरच्या मोजणीवरून दुसरा निघाला, आणि दोहोंत ५.२३६ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा अगदी लहान भाग) तफावत राहिली. जमिनीवर हे अंतर सुमारे १६० मीटर होते. हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंबा आपल्याकडे खेचते, असे जॉन प्रॅट या गणितज्ञाने हिशेब करून दाखवले. पण त्या हिशेबाप्रमाणे ओळंबा याच्या तिप्पट कलायला हवा होता. तो तेवढा का कलला नाही, या प्रश्नातूनच पर्वतांखालचा थर हलका असल्याची कल्पना पुढे आली. ताऱ्यांवरून घेतलेले मोजमाप कोठे फसते हे शोधताना जमिनीच्या पोटातले कळले, हा भाग मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. तरीही ती चूक विकलांची आहे आणि आपला वाद सात अंशांचा आहे. एका अंशात ३,६०० विकला असतात.

मूळ लेखात ध्रुवाबद्दलची दुरुस्ती केली आहे आणि तीन ठिकाणांचा तक्ता जोडला आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला, व्याधाच्या बऱ्याच खाली, अगस्ती पाहावा. धुळ्याहून त्याची उंची १६ अंशांच्या थोडी वर यायला हवी. आपण मोजलेला आकडा कळवलात, तर आला तसा त्या तक्त्यात घालीन.